मधून शिवायला घेतलेली कवंदी

मी, सुझाना हर्बर्ट सिद्दी, वय वर्षे चौपन्न, मूळ राहणार तालुका हल्याळ, कर्नाटक, सध्या मुक्काम उम्म अल कुवैन, संयुक्त अरब अमिराती, धंदा अबाया म्हणजे इथल्या बायकांचे काळे झगे शिवणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही की धाक दाखवलेला नाही. छातीचं दुखणं आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. मन ठिकाणावर नाही, परंतु कायदा मनाचं विचारत नाही.

आधी मी कोण ते लिहून ठेवते. आम्ही सिद्दी. आमच्या पूर्वजांना आफ्रिकेतून आणून विकलं. जे निसटले ते आमच्या जंगलात राहिले. इथे दुकानात गिऱ्हाईक मला सुदानी समजून अरबीत बोलतं. मुंबईच्या बायका माझं मराठी ऐकून दचकतात आणि विचारतात, "इतकं छान कुठे शिकलात?" आईच्या मांडीवर, दुसरं कुठे.

माझे पती हर्बर्ट पूर्वीच देवाघरी गेले. जिच्या नावे हे सगळं करायचं होतं ती आमची एकुलती एक सोफिया गेल्या वर्षी काविळीने वारली. लेकीच्या मागे उरून आईने मृत्युपत्र करावं, हे फार उलटं आहे. पण करते.

सोफिया इथेच वाढली. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर. शारजात चांगली ऑफिसची नोकरी होती. एकदा सुट्टीत गावी गेली आणि तिथलं बघून बिथरली. आमच्या बायका जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात, त्यांना आम्ही कवंदी म्हणतो. बाजारातला व्यापारी गुणवंत त्या मातीमोल भावाने उचलायचा आणि शहरात मिरवून विकायचा. वर म्हणायचा, "चिंध्याच तर आहेत तुमच्या." पोरीने राजीनामा दिला आणि गावी जाऊन राहिली. "मम्मी, देअर वर्क, देअर शॉप," एवढंच म्हणाली. मी आमचे मालक राजनभाई यांना विचारून दुकानातली अबायांची कातरणं कार्गोने पाठवू लागले. माझ्या जागेत तिने शेड उभी केली आणि दारावर स्वतः रंगवून पाटी लावली : फिक्स्ड प्राइस. काळ्या गोधड्या कोण घेणार म्हणून गुणवंत हसला. त्याच आधी खपल्या. आमच्या बायकांनी जन्मात पहिल्यांदा मान वर करून भाव सांगितला.

कलम पहिले. ती शेड, खालची जमीन आणि माझी बँकेतली शिल्लक तिथे शिवणाऱ्या सर्व सिद्दी बायकांची, मग ती चर्चला जाणारी असो, देवळात की दर्ग्यात. कारभार माझी बालमैत्रीण कुलसुम पाहील. तिच्यानंतर बायका ठरवतील ती. शेड विकू नये, भाड्याने देऊ नये, आणि आमच्या बायकांना दारात उभं करून फोटो काढणाऱ्या कोणाही भल्या माणसाच्या ताब्यात देऊ नये.

कलम दुसरे. भाऊ नेल्सन यास हर्बर्टचं घड्याळ. शेडमधला खिळासुद्धा नाही. मी पोचले तेव्हा पोरीला माती देऊन झाली होती. तोंडही दिसलं नाही. अशा वेळी कबरस्तानाच्या फाटकात हा मला म्हणतो, "ताई, आता बाहेरच्या शिकलेल्या माणसाला चालवायला दे. आपल्या लोकांना धंदा जमतो का?" माझा त्याच्यावर राग आहे. तो मी कोणाला देत नाही, बरोबर नेते.

कलम तिसरे. शिलाई मशीन आणि मोठी कात्री शेजारीण जैनबला. दुखणं वाढल्यापासून मला पेज तीच भरवते. तिला देणगी आहे म्हणून साक्षीला घेतलेली नाही.

कलम चौथे. माझ्या बिछान्यावरची अर्धी कवंदी.

कवंदी कडेने सुरू करून मध्याकडे शिवत न्यायची असते. शेवटी मध्य मिटण्याआधी आत तांदळाचे दाणे ठेवतात, कारण ते तिचं पोट, ते उपाशी राहू नये. सोफियाने आपली पहिली कवंदी मधूनच सुरू केली. कुलसुम पोट धरून हसली. "अगं बये, पोटच आधी शिवलंस, आता हिला जेवू कुठून घालायचं?" ही म्हणाली, "नो प्रॉब्लेम मावशी, साइडने घालू."

साइड राहिली. ती अर्धीच मी इथे घेऊन आले. कुलसुम दर फोनला म्हणते, पाठव, पुरी करते. मी पाठवत नाही. कड शिवली की खलास, मग माझ्या लेकीचं अर्धवट असं काही उरत नाही.

माझ्यामागे राजनभाईंनी ती गावी पाठवावी. तिची चूक कोणी उसवू नये. बायकांनी कड पुरी करावी, कडेनेच तांदूळ घालावेत, चारी कोपऱ्यांना कापडाची फुलं लावावीत. फुलांवाचून कवंदी उघडी वाटते. मला तिच्यातच गुंडाळून पुरावं असं लिहिलं होतं. खोडलं. मला साधी चादर चालेल, जागा मात्र सोफियाशेजारी, नेता आलं तर.

कवंदी शेडमध्ये इतरांसारखी टांगावी आणि विकावी. पोरीची गोष्ट सांगून जास्त मागू नये, रडून कमी करू नये. फिक्स्ड प्राइस.

वाचून पाहिलं. म्हणायचं होतं तेच उतरलं आहे.

सही : सुझाना हर्बर्ट सिद्दी

आम्हा दोघांसमोर सही केली :
१. राजन, अबाया दुकानाचे मालक
२. अरुण, त्याच दुकानातील कटिंग मास्तर

उम्म अल कुवैन, १४ नोव्हेंबर २००२