निम्म्या समुद्राचा कॅप्टन

३ नोव्हेंबर
शिडाच्या बोटीने समुद्र ओलांडायला निघालो. निरोपाला धक्क्यावर फक्त डिझेलवाला होता, तोही कॅन परत न्यायला थांबलेला. बोट देखणी आहे. आत दोन बाकं, एक शेगडी आणि उभं राहिलं की डोक्याला लागणारं छत. क्रू: बायको आणि मेहुणा. ही निम्म्या समुद्रापर्यंतच यायला तयार झाली आहे. मध्ये एक बेट लागतं, तिथे विमानतळ आहे. पुढचं तिथे ठरवीन म्हणाली. म्हणजे तोवर माझा कॅप्टनपणा तिला पटला पाहिजे. घोडामैदान जवळच आहे.
संकल्प: रोज व्यायाम. रोज दाढी. आवाज न चढवता हुकूम.

४ नोव्हेंबर
व्यायाम उद्यापासून. पोटात गडबड. ही म्हणाली, अहो, तुम्हाला बोट लागली. कॅप्टनला बोट लागत नाही. अंडी शिळी असणार. तीच अंडी त्या दोघांनीही खाल्ली, पण त्यांना लाकूडही पचतं.

६ नोव्हेंबर, आडवाच
दाढी करताना बोट हलली. दाढी वाढवायची ठरवलं. रुबाबदार दिसेल.

८ नोव्हेंबर
उठलो. पाळ्या लावून दिल्या. रात्र त्या दोघांनी वाटून घ्यायची, सकाळ माझी. कॅप्टनचा मेंदू ताजा हवा. जीपीएसकडे मी ढुंकून बघत नाही, ते शेंबड्या पोरालाही जमतं. मी होकायंत्र बघून सुकाणू धरतो. शेजारी छोटा स्पीकर ठेवून जुनी गाणी लावतो, म्हणजे डोळा लागत नाही.

९ नोव्हेंबर
मेहुणा म्हणतो, भाऊजी, तुमच्या पाळीत बोट दक्षिणेला सरकते. त्याला समजावलं की समुद्राला प्रवाह असतात. त्याने विचारलं, फक्त सकाळीच? कारकून माणूस, शंका काढण्यात हयात गेली.

१३ नोव्हेंबर
प्रवाह वाढलाय. दुपारी मेहुण्याने पुन्हा बोट वळवून घेतली. मी आता आणखी एकाग्र होतो. गाणीही मोठ्याने लावतो.

१६ नोव्हेंबर
वारा चढला. ही म्हणाली, शीड कमी करू या. मी म्हटलं, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. शीड फाटलं. कापडच हलकं होतं. तिने दिवसभर बसून शिवलं. मी शेजारी बसून सूचना दिल्या. एकदा सुई बोटात गेली तेव्हा माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटली. वाऱ्यामुळे ऐकू आलं नाही. कौतुक असावं.

१९ नोव्हेंबर
सकाळी ही चहा घेऊन आली. कप ठेवायला जागा नव्हती म्हणून स्पीकर उचलला. होकायंत्राची सुई गर्रकन फिरली. तिने स्पीकर परत ठेवला, सुई परत फिरली. त्यात चुंबक असतो म्हणे. मेहुणा हसून हसून खाली बसला. म्हणाला, भाऊजी, प्रवाह सापडला! ही हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, आम्ही रात्र रात्र जागून बोट पुढे न्यायची आणि तुम्ही गाणी ऐकत ती भलतीकडे न्यायची. वाद घालणं कॅप्टनला शोभत नाही. पण इतकं हळवं यंत्र बनवणाऱ्याला जाब विचारला पाहिजे.

२० नोव्हेंबर
सकाळची पाळी तिने घेतली. मला बटाटे सोलायला दिले. एका अर्थी बरंच झालं, सबंध बोटीवर नजर ठेवायला मोकळा झालो.

२४ नोव्हेंबर
बेट दिसलं! आधी मेहुण्याला दिसलं, पण नेतृत्व माझं. उद्या ही ठरवणार. भाषण तयार केलंय: संसार, सोबत, सातासमुद्रापार वगैरे. इथे खोटं कशाला लिहू, भीती वाटतेय. ती विमानाने निघून गेली तर मला करमणार नाही. शिवाय शीड कोण शिवणार?

२५ नोव्हेंबर
भाषणाचं पहिलं वाक्यही पुरं झालं नाही. ही म्हणाली, अहो, मी कुठे चाललेय? मला समुद्र आवडला. मला अगदी भरून आलं. तेवढ्यात मेहुण्याने आतून माझी बॅग आणून धक्क्यावर ठेवली. हिनेच भरली होती, शर्टांच्या घड्या सुरेख. म्हणाली, घरी पोचलात की फोन करा, जेवणाची आबाळ करू नका.

२६ नोव्हेंबर, विमानात
खिडकीची जागा मिळाली. वर चढता चढता खाली आमची बोट दिसली. बंदराबाहेर पडली होती. सुकाणूवर हीच असणार, सकाळ होती. बराच वेळ बघत होतो. सरळ चालली होती.