महासंचालकपदाची उगवण चाचणी

२ एप्रिल, सकाळी ७.१०
नवी वही. निळी, जाड पुठ्ठ्याची. मोठी माणसं रोजनिशी लिहितात, पण मोठी झाल्यावर. त्यामुळे आधीचे दिवस नोंदवायचे राहून जातात. मी ती चूक करणार नाही.

आमच्या बियाणे महामंडळातल्या तीन वरच्या जागा महिनाअखेर भरणार आहेत. एक महासंचालक, दोन संचालक. मुलाखती काल संपल्या. माझी झकास झाली. इतरांना चाळीस-चाळीस मिनिटं पिळलं, मला दोनच प्रश्न. पहिला, नाव काय. दुसरा, पाणी घेणार का. ज्याचं नक्की झालेलं असतं त्याला आणखी काय विचारणार?

एकतीस वर्षं या महामंडळात काढली. त्यातली बारा बीज परीक्षण प्रयोगशाळेचा प्रमुख म्हणून. आजवर सहा महासंचालक आले आणि गेले, पण त्यांतल्या एकानेही मला कधी विचारलं नाही, की तुमचं मत काय. एकदाही नाही. आता इतरांना मत विचारणारा मीच होणार. हे वाक्य दोनदा गिरवलं. पेन नीट उमटत नसेल.

संकल्प : आजपासून हळू बोलायचं.

३ एप्रिल
हळू बोललो. ड्रायव्हरने विचारलं, बरं नाही का साहेब.

४ एप्रिल, रात्री ८
जेवताना हिला सांगितलं, की महासंचालकांची बायको होण्याची मनाची तयारी कर. ही म्हणाली, बरं, मग गॅलरीतला नळ तुम्ही दुरुस्त करताय की सरकार करणार? बायकांना पदाचं गांभीर्य नसतं.

५ एप्रिल, शुक्रवार
खरे स्पर्धक दोनच. एक कीटकवाला, म्हणजे आमच्या कीड नियंत्रण विभागाचा प्रमुख. सतत हसतो. दुसऱ्या मातीबाई, शेजारच्या माती परीक्षण खात्यातून अर्ज केलाय. बाहेरच्या आहेत, म्हणजे बाद.

दुपारी अचानक एक कल्पना सुचली. आपण शास्त्रज्ञ. निकालाची वाट बघत नखं का कुरतडायची? चाचणी घ्यावी. तीन उमेदवार, तीन नमुने. ज्याचं बियाणं उगवलं, तो महासंचालक.

लगेच गोदामातून मक्याचं बियाणं मागवलं. माझ्यासाठी यंदाचं पायाभूत बियाणं, ज्याच्यापासून पुढचं सगळं बियाणं तयार होतं ते. चार हजार पोती आहेत, नुसतं बघून ऊर भरून येतो. कीटकवाल्यासाठी मागच्या वर्षीचं परत आलेलं. मातीबाईंसाठी गोदामाची फरशी झाडून जे निघालं ते. निवड पूर्णपणे निःपक्षपाती.

अडचण एकच. आमच्या चाळणीताई. वीस वर्षं त्या इथे दाणे चाळतात आणि मोजतात, पण रजिस्टरला नोंद झाल्याशिवाय दाण्याला हात लावत नाहीत. नमुना कोणाचा हे तपासणाऱ्याला कळू नये म्हणून त्याला नुसता क्रमांक देतात. क्रमांकापुढचं नाव असतं गुप्त रजिस्टरमध्ये, ते माझ्या कपाटात. तेव्हा रीतसर नोंद केली. ११७ : मी. ११८ : कीटकवाला. ११९ : मातीबाई. कुठला क्रमांक कुठल्या साठ्यातला, ते क्लार्कच्या रजिस्टरमध्येही लिहिलं. आपलं काम चोख असतं.

दोन पुड्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या. माझी शर्टाच्या खिशात, छातीशी. आपण कोणासाठी उगवायचंय हे बियाण्यालाही कळायला हवं.

७ एप्रिल, रविवार
हिने शर्ट खिसा न बघता इस्त्रीला दिला! इस्त्रीवाल्याने पुडीसकट इस्त्री फिरवली. वर खिशाला कडक घडी हवी म्हणून दुसऱ्यांदा. मी धावत जाऊन शर्ट आणला. पुडी शाबूत आहे. दाणे जरा तांबूस झालेत. तेज म्हणतात ते हेच असावं.

८ एप्रिल
तिन्ही नमुने चाळणीताईंकडे दिले. त्यांनी प्रत्येकातले शंभर दाणे मोजले, ओल्या कागदात गुंडाळले आणि उगवण कक्षात ठेवले. सात दिवस. ११७ हुंगून म्हणाल्या, साहेब, ह्या नमुन्याला भाजल्यासारखा वास येतोय. मी गूढ हसलो.

११ एप्रिल
महासंचालकांची केबिन बघून आलो. रिकामीच असते सध्या. खुर्चीत जरा बसलो. फिरते. पडदे बदलावे लागतील, फिकट आहेत. सोफा भिंतीपासून हलवावा लागेल. पहिल्या शंभर दिवसांचा आराखडा कागदावर घेतला, तो बहुतेक सोफ्यापाशीच संपला. बाकीचं आपोआप सुचेल.

१५ एप्रिल
निकाल.
११९, मातीबाई : शंभरात शहाण्णव.
११८, कीटकवाला : एकाहत्तर.
११७ : चार.

चाळणीताई म्हणाल्या, ११७ला बुरशी धरलीय, वास सुटलाय, बाहेर ठेवू का? मी म्हणालो, जरा जपून बोला. त्यांना कळेना, दाण्यांशी कसलं जपून बोलायचं.

ताईंचे डोळे तपासून घ्यायला हवेत. वय झालं. लगेच फेरचाचणीचा आदेश दिला, पुडीत उरलेल्या दाण्यांवर. महासंचालक झाल्यावर कर्मचाऱ्यांसाठी नेत्रतपासणी शिबिर.

१९ एप्रिल
कीटकवाला जिन्यात भेटला. हसून म्हणाला, काय मग, काही कळलं का वरून? मीही हसलो. माझं हसू त्याच्यापेक्षा खोल होतं.

२२ एप्रिल
फेरचाचणी. ११७ : शून्य.

ताई म्हणाल्या, दोनदा बघितलं साहेब, ह्याच्यात जीवच नाही, टाकून देते.  खिडकीत दहा मिनिटं उभा राहिलो. खाली कोणीतरी सायकलला हवा भरत होतं.

पण विचार केला. चाचणीच चुकीची होती. मका हे पीक माझ्या स्वभावाशी जुळत नाही. मी गव्हाचा माणूस आहे. विषय संपला.

२३ एप्रिल
नवी सही ठरवली. शेवटची रेघ उजवीकडे लांब ओढायची आणि खाली दोन टिंबं. सराव हवा म्हणून क्लार्कने आणलेल्या ढिगातल्या चाळीसही कागदांवर केली. वाचत बसलो असतो तर हात बसला नसता. एका कागदावर लाल शिक्का होता, त्यावर तर फारच सुरेख उतरली.

२५ एप्रिल
सकाळपासून गोदामपालांचे अकरा फोन. बातमी फुटलेली दिसते. आत्ताच अभिनंदन घेणं बरं दिसणार नाही, म्हणून उचलले नाहीत.

२६ एप्रिल
गोदामपाल स्वतःच आले. घामाघूम. म्हणाले, साहेब, ट्रक भरून उभे आहेत, पेरणी तोंडावर आलीय आणि तुमच्या एका सहीने सगळं थांबलंय. आमच्या इथे एक जुना माणूस माझ्या सहीची ताकद ओळखतो, याचं बरं वाटलं. मी हळू आवाजात म्हणालो, यादी येईपर्यंत मी कशावरच बोलणार नाही. ते माझ्याकडे बघतच राहिले. आदर असा डोळ्यांत दिसतो.

३० एप्रिल, दुपारी ४.३०
यादी आली.
महासंचालक : मातीबाई.
संचालक : कीटकवाला.
दुसऱ्या संचालकाची जागा : रिक्त.

यादी तीनदा वाचली. उलटून मागेही बघितलं. मागे कोरंच होतं.

रात्री ८.१५
 हिने ताटात वाढलं आणि स्वतः जाऊन गॅलरीतला नळ घट्ट केला. तेही जरा लागलंच.

१ मे
सुट्टी. डोकं शांत झालं. रिक्त म्हणजे काय? रिक्त म्हणजे भरली नाही. का भरली नाही? कोणासाठी तरी राखून ठेवली म्हणून. कोणासाठी? हे लक्षातच आलं नव्हतं. हिला समजावून सांगितलं. ही म्हणाली, अहो, झोपा.

२ मे, दुपार
नव्या बाई दहाला रुजू झाल्या आणि सव्वादहाला मला बोलावणं आलं. संचालकपद द्यायला इतकी घाई! नवा शर्ट होता हे बरं झालं.

केबिनमध्ये गोदामपाल, कीटकवाला, चाळणीताई. टेबलावर लाल शिक्क्याचा तो कागद. त्यावर माझी नवी सही, टिंबांसकट. तो विक्री बंदचा आदेश निघाला. नमुना दोनदा नापास झाला की ज्या साठ्यातून तो आला तो सगळा साठा आपोआप थांबतो, हा नियम. सात वर्षांपूर्वी मीच केलेला. ११७ पायाभूत साठ्यातला. म्हणून चार हजार पोती अडकली आणि ट्रक सहा दिवस उभे.

बाईंनी विचारलं, एवढा चांगला साठा, उगवण शून्य कशी? ताई ठामपणे म्हणाल्या, माझी मोजणी बरोबर आहे. बाई म्हणाल्या, गुप्त रजिस्टर आणा. मी म्हणालो, ते गुप्त असतं. त्या म्हणाल्या, महासंचालकांपासून नसतं.

आणलं. त्यांनी पान उघडलं. ११७ : मी. वाचून रजिस्टर कीटकवाल्याकडे सरकवलं. तो ११९पर्यंत पोचला आणि त्याला पाणी द्यावं लागलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की दाणे कुठे ठेवले होते. मी म्हणालो, खिशात. मग? मी म्हणालो, मग इस्त्रीला. क्लार्कने इतिवृत्तात लिहून घेतलं : इस्त्रीला.

ताज्या नमुन्याची चाचणी लावली. मी बियाण्याचा माणूस. भाजलेला दाणा उगवत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. मला ७ एप्रिललाच कळलं होतं. असं वाटतंय, कळलं होतं.

९ मे
ताज्या नमुन्याची उगवण शंभरात पंचाण्णव. ट्रक निघाले. मी खिडकीतून मोजले. सव्वीस.

१० मे, संध्याकाळी ७.३०
आज बाईंनी पुन्हा बोलावलं. आता निलंबन, म्हणून खिशातली पेनं काढून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि मगच गेलो. बाई एकट्याच होत्या. बसा म्हणाल्या. इस्त्रीचं नावही काढलं नाही. म्हणाल्या, मी बाहेरून आलेय, मला इथलं काही माहीत नाही. तुम्ही एकतीस वर्षं इथे आहात. पहिल्यांदा काय बदलायला हवं? तुमचं मत काय?

 त्या वहीत पेन टेकवून थांबल्या. चांगल्या दोन मिनिटं थांबल्या. मी आत बरंच शोधलं. पडदे सापडले, खुर्ची सापडली. शेवटी म्हणालो, विचार करून सांगतो. त्यांनी तेच लिहून घेतलं आणि म्हणाल्या, उद्या अकराला सांगा, मी वाट बघते.

घरी येऊन दोन तास झाले. पान समोर आहे. मघाशी हिलाच विचारलं, की आमच्या ऑफिसात काय बदलायला हवं असं तुला वाटतं. ही म्हणाली, मला काय विचारता, एकतीस वर्षं तिथे तुम्ही जाताय का मी?