गाडीची हनुवटी

१४ एप्रिल २००७, शनिवार

आली एकदाची गाडी. वारंगा फाट्यावरून गावात यायला म्हातारं माणूस बी एवढा वेळ लावत न्हाई. आत वैजनाथ, माझा नातू, चाक धरून बसलेला. अन् पुढं त्याचा बाप ज्ञानबा पायी, हातात फळी. खड्डा आला की फळी टाकायची, चाक वरून न्यायचं, फळी उचलायची, परत पुढं पळायचं. माझ्या लेकाचा जन्म मेंढरामागं गेला. आज गाडीपुढं गेला.

लाल भडक. अन् इतकी बुटकी की बसलेली म्हैस तिच्याहून उंच दिसंल. दोनच माणसं मावतात. मी म्हणलं, एवढा मोठा मालक, अर्धीच गाडी काहून घेतली? वैजनाथला हसू आलं न्हाई. सदरा घामानं पाठीला चिकटलेला.

मालक नांदेडचा ठेकेदार. वैजनाथ त्याच्याकडं डायव्हर. मालक परदेशी चालला. गाडी घरी ठेवली तर त्याचा दिवटा पोरगा ती उडवील, म्हणून वैजनाथच्या हवाली केली. म्हणला, बहिणीच्या लग्नात बी मिरव. पण पुढचं बंपर खरचटलं तर तोंड दाखवू नको. तो तुकडा इथं मिळत न्हाई म्हणे, बाहेरदेशातून येतो.

बंपर म्हणजे तिची हनुवटी. मी वाकून पाहिलं. हनुवटीखाली माझी मूठ जाती, तांब्या जात न्हाई.

पोराची नोकरी एवढ्याशा फटीत अडकली.

१५ एप्रिल, रविवार

शेरडू चढलं गाडीवर! त्याला काय, बांधावरचा दगड वाटला. मी काठी घेऊन पळाले अन् तिथंच थांबले — मारावं तर काठी गाडीला लागंल. हातवारे करत उभी राहिले, पाखरं हाकल्यासारखी. सून मंजुळा हसून राहिली. हास म्हणलं. नवऱ्यासोबत पोराला बी मेंढरामागं धाडायची पाळी आली म्हणजे कळंल.

भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. वैजनाथ म्हणतो काट्या लांब लाव, रंगाला लागतील. शेरडं सगळी वरच्या वाड्यात नेऊन बांधली. गाडी सावलीत, शेरडं उन्हात.

१७ एप्रिल, मंगळवार

हनुवटीला घोंगडी बांधली. चांगली जाड, घरच्या लोकरीची. वैजनाथनं आल्या आल्या सोडली. म्हणला, "आजी, लोकरीत रेती अडकती, गाडी हलली की घासती. तू झाकून राहिलीस का सोलून राहिलीस?"

मी म्हणलं, ह्या घोंगडीत तुझा बाप वाढला, त्याचा रंग गेला न्हाई.

मग फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडून ट्रकची जुनी ट्यूब आणली. त्यानं कापली, मी दाभण-सुतळीनं दुहेरी शिवली. हनुवटीखाली लोंबती ठेवली, म्हणजे दगड आला तर आधी रबराला लागंल. खळ्यात बैलाला मुसकं बांधतात तशी दिसायली. बैल खाऊ नये म्हणून, अन् हिला कुणी खाऊ नये म्हणून.

रात्री झोप न्हाई. कुत्रं भुंकलं तरी वाटतं गाडीवर बसलं.

१८ एप्रिल, बुधवार

लगन दहा मेला. त्याच्या पुढं धोंड्याचा महिना लागतो, मग कोण लगन लावतंय. वैजनाथच्या बहिणीची, दीपमालाची सुपारी माघातच फुटली. पोरगा साखऱ्याचा, मुंजाजी. सेनगाव ते हिंगोली काळी-पिवळी जीप हाकतो. बाप भिवाजी कोरडवाहू शेती करतो. घर बरं. पोरगा बोलत न्हाई फार. दीपमालाला विचारलं, कसा वाटला? म्हणली, तुला काय करायचंय? म्हणजे पसंत हाये.

२० एप्रिल, शुक्रवार

भिवाजी अन् मुंजाजी दोघं आले होते, मांडवाचं अन् जेवणाचं बोलायला. बोलले गाडीचंच. भिवाजी गाडीभोवती फिरून राहिला, बाजारात बैल पाहावा तसा. मला म्हणला, मावशी, वरात हिच्यातच निघाली पाहिजे, साखऱ्याच्या पाराला एक चक्कर.

मी म्हणलं, तुमच्याकडचा रस्ता हिची हनुवटी खाईल.

तर म्हणतो, "आमचा रस्ता गाडीला चालत न्हाई, अन् पोरगीला चालतो व्हय?"

"पोरगीला पाय हायेत," मी म्हणलं. "अन् गाडी आमची न्हाई. पोरगी आमची हाये."

भिवाजीचं तोंड उतरलं. ज्ञानबानं मला डोळ्यानं खुणावलं. तो जन्मभर खुणावतच आला.

मुंजाजीनं गाडीला हात बी लावला न्हाई. खाली बसला, मान तिरपी करून खालून पाहिलं अन् वैजनाथला म्हणला, फळ्या कमी पडतील. बास, तेवढंच. दीपमाला पाणी घेऊन आली तर त्यानं वर पाहिलं न्हाई, तांब्या मात्र दोन्ही हातांनी घेतला.

वैजनाथला सोयऱ्याशी वाद नको होता. म्हणला, रविवारी गाडी घेऊन रस्ता पाहून येतो, जमलं तर वरात, न्हाई तर न्हाई. मी म्हणलं, जीपमधी बसून पाहा की. म्हणला, जीपला खड्डा कळत न्हाई आजी, हिलाच कळतो. मुंजाजी हिंगोलीत एसटी डेपोजवळ गाडीत बसणार, तिथून दोघं पुढं साखऱ्याला.

मी न्हाई म्हणायला पाहिजे होतं. पाव्हण्यासमोर म्हणले न्हाई.

२२ एप्रिल, रविवार

सकाळी गेले. दुपारच्या जेवणाला येणार होते.

दुपार गेली. मंजुळानं दोनदा भाकरी झाकली. फाट्याकडून येणाऱ्या दुधवाल्याला विचारलं, लाल गाडी दिसली का? म्हणला, न्हाई. वैजनाथचा मोबाईल लागंना.

दिवस बुडता आवाज आला. गाडीचा न्हाई, फरफटीचा. पत्रा ओढत आणल्यासारखा. मला तिथंच कळलं.

ट्यूब कुठंतरी तुटून गेलेली. हनुवटी डाव्या अंगानं फाटलेली, वरपर्यंत चीर. मुंजाजीच्या मांडीवर तिचा लाल तुकडा, टावेलात गुंडाळलेला, बाळंतिणीच्या पोरासारखा. दिवसभर पायी चालल्यागत गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेला होता तो. वैजनाथचं तोंड राखेसारखं.

मी विचारलं, कोण चालवून राहिलं होतं?

मुंजाजी म्हणला, "माझ्याच हातून झालं, आजी. मीच म्हणलं, दे जरा. ओढ्यावरच्या रपट्यावर अंदाज चुकला."

वैजनाथ खाली पाहून राहिला.

मग माझी जीभ सुटली. सुटली ती सुटलीच. त्याचं गाव काढलं, बाप काढला, त्याची काळी-पिवळी काढली. म्हणलं, ज्याला दुसऱ्याच्या पोटापाण्याची वस्तू घटकाभर सांभाळता येत न्हाई, तो माझी पोरगी काय सांभाळंल? ऊठ म्हणलं. सुपारी परत ने.

त्यानं तुकडा ओट्यावर ठेवला. हळूच, फुटणार न्हाई असा. चप्पल घातली अन् फाट्याकडं चालत निघाला. ज्ञानबा म्हणला, माय, जरा दमानं. मी म्हणलं, दमानंच गाडी आणली होती ना तू, फळी टाकत?

दीपमाला आतून पाहून राहिली होती.

२४ एप्रिल, मंगळवार

कुंकवाची साडी अन् जोडवी परत द्यायला ज्ञानबा जाईना. तर मीच गेले. हिंगोलीला एसटी बदलली, सेनगाववरून साखरा. ऊन असं की पदरातून डोकं भाजलं.

भिवाजीच्या दारात चार माणसं जमली. बरंच झालं, मी म्हणलं, साक्षीदार हायेत. भिवाजी पहिल्यांदा हात जोडून बोलला. म्हणला, पोरानं चूक कबूल केली, तुमच्या दारात येऊन केली, अजून काय पाहिजे मावशी?

मी म्हणलं, कबुलीनं चीर बुजत न्हाई.

मग त्याचा बी पारा चढला. म्हणला, एवढी जीभ असलेल्या घरची पोरगी आमाला बी नको.

मुंजाजी जीपला टेकून उभा. त्याला विचारलं, तुला काही बोलायचंय का? त्यानं मान हलवली. न्हाई. साडी उंबऱ्यावर ठेवून आले. पाणी बी पिले न्हाई.

२६ एप्रिल, गुरुवार

मालकाचा फोन आला. वैजनाथ गोठ्याच्या भिंतीआड जाऊन बोलला, मी भिंतीला कान लावला. ऐकू आलं तेवढं आलं, बाकीचं त्याच्याकडून काढलं.

मालकानं विचारलं, कोणी आदळली? ह्यानं सांगितलं, होणाऱ्या दाजींनी. मालक म्हणला, पाव्हण्याला काय बोलायचं आता. तू असतास तर कायमचा घरी बसवला असता. तुकडा मागवतो, आल्यावर बसवू. तोवर गाडी हलवू नको.

नोकरी राहिली! मी गूळ वाटला. नोकरी बी वाचली अन् असल्या घरातून पोरगी बी वाचली. देवाला डोळे हायेत म्हणलं.

वैजनाथनं गुळाचा खडा हातात घेतला अन् तसाच कोनाड्यात ठेवला. मुंग्या लागल्या.

२८ एप्रिल, शनिवार

दीपमाला माझ्याशी बोलत न्हाई. बोलंल.

१ मे, मंगळवार

बोलली. भाकरी थापता थापता, माझ्याकडं न पाहता.

"आजी, कसं झालं ते तू त्याला एकदा तरी विचारलंस का?"

मी म्हणलं, त्यानं तोंडानं सांगितलं, अजून काय विचारायचं?

"काय झालं ते सांगितलं. कसं झालं ते न्हाई."

मला शिकवू नको म्हणलं. भाकरी तव्यावर करपली. तिनं काढली न्हाई, मी बी काढली न्हाई. धूर झाला घरभर.

लेकरू पुढं जाऊन मलाच दुवा देईल. माझं लगन बी मला न विचारता लागलं अन् मोडलं असतं तर ते बी न विचारताच मोडलं असतं. मेले न्हाई मी.

४ मे, शुक्रवार

हिंगोलीच्या हळदीच्या बाजारातून ज्ञानबा बातमी घेऊन आला. भिवाजीनं तिथी तीच ठेवली. मांडव ठरलेला, बँड ठरलेला, आचारी ठरलेला — मग नवरी बदलली. कळमनुरीकडची कोणी पोरगी. धोंड्याचा महिना लागायच्या आत उरकायचं म्हणून चार दिवसात सुपारी, कुंकू सगळं.

आपल्यात हे नवं न्हाई. तिथी काढली की वाया घालवत न्हाईत. मी म्हणलं, बरं झालं, एक मेंढरू गेलं की खुंट्याला दुसरं बांधतात.

दीपमाला उठून शेरडांकडं गेली. वैजनाथ ताटावरून उठला. अर्धी भाकरी तशीच. मी विचारलं, तुला काय झालं? म्हणला, पोट दुखतं.

दीपमालासाठी औंढ्याकडचं एक ठिकाण आलंय. धोंडा सरला की पाहू. पोरगा मास्तर हाये. गाडीबिडी काही हाकत न्हाई.

७ मे, सोमवार

वैजनाथचं पोट अजून दुखतं. ओवा दिला. गाडीपाशी जाऊन बसतो. काट्यांच्या कुंपणात, तिच्या फुटक्या हनुवटीपुढं. तिथं काय पाहतो कोण जाणे.

मी म्हणलं, मालकानं माफ केलंय, आता कशाचं दुखणं? तो म्हणला, आजी, तू झोप.

९ मे, बुधवार

वैजनाथ बोलला. भर दुपारी, माझ्यापुढं मांडी घालून.

गाडी तोच चालवून राहिला होता. मुंजाजी सगळा रस्ता फळी घेऊन पायी पुढं. रपट्यावर त्यानं हात वर करून थांब म्हणलं, फळी टाकू दे म्हणलं. ह्याला घाई झाली. आदळली. तुकडा उचलून आणला तो बी मुंजाजीनं. अन् म्हणला, "माझं नाव सांग. पाव्हण्याला कोण काढतंय? तुझी नोकरी राहील." माझ्यापुढं, बापापुढं, चार माणसांपुढं तो तेच बोलला न्हाईतर गप राहिला. अन् माझ्या नातवानं त्याला गप राहू दिलं.

आज साखऱ्यात त्याला हळद लागून राहिली. आता मी पाया पडायला गेले तर त्या दुसऱ्या लेकराचं लगन इस्कटंल. तिनं काय केलंय? माफी मागायची बी सोय ठेवली न्हाई मी.

दीपमाला शेरडांना पाणी पाजून आली. हात धुऊन राहिली. तिला सांगायला उठते.