तुमच्या मागून चालले ते पाच महिने

मामा, तुम्हाला जाऊन तीस वर्षांच्या वर झाली. परवा माझ्या रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चालत जा. दुसऱ्या दिवशी सकाळी चपला घालून दारात आले आणि समोर तुमची पाठ दिसली. सासऱ्याचा चेहरा सुनेनं किती बघावा, त्या काळी तेवढाच मी बघितला. पण तुमची पाठ मला अजून पाठ आहे. चालायला गेलेच नाही, घरात येऊन लिहायला बसले. एक गोष्ट तुमच्याशी बोलायची राहिली आहे. ती तुम्हाला ठाऊक होती असं मला नेहमी वाटत आलंय, पण मी तोंडानं कधी सांगितली नाही.

लग्नाला सात वर्षं झाली होती. मी जिंतूरची, बाजारपेठेत वाढलेली. ताडकळसजवळच्या तुमच्या गावात येऊन शेतकरी घरातली झाले. तुमचे चिरंजीव पूर्णेच्या शाळेत मास्तर, सकाळच्या एसटीनं जायचे ते दिवेलागणीला यायचे. मूल होत नव्हतं. सासू असून आत्याबाईंचा जीव माझ्यावर होता, म्हणून त्या मला खाऊ घालत. डिंकाचे लाडू, तुपात भिजलेली पोळी, दुधावरची साय. "अंगात ताकद असंल तर पोट ऱ्हाईल," म्हणायच्या. मी फुगत गेले आणि पाळी तीन-तीन महिने येईना. मग नांदेडच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी काट्यावर उभं केलं, अठ्ठ्याहत्तर. म्हणाल्या, "आधी आठ किलो कमी करा, मग दुर्बिणीतून तपासू, मग गोळ्या. वजन उतरलं की पाळी रुळावर येईल, औषधाला गुण येईल, भूल द्यायलाही धोका कमी. पण पाच महिने घ्यायचे. उपास करायचे नाहीत. दोन्ही वेळा दीड भाकरी, वरण, पालेभाजी, लोणी काढलेलं ताक. आणि रोज पाऊण तास भरभर चालायचं." मी म्हटलं, दिवसभर घरात कामच असतं की. "घरकाम वेगळं आणि चालणं वेगळं," त्या म्हणाल्या.

आत्याबाईंना हे पटलं नाही. "लेकरू पाहिजे म्हणून बाईला सुकायला सांगती, ही कसली डाक्टरीन?" पण खरी अडचण भाकरीची नव्हती, चालण्याची होती. गावात बाई रिकाम्या हातानं चालत नाही. डोक्यावर पाटी पाहिजे नाहीतर काखेत घागर. पहिल्या दिवशी मी वेशीपर्यंत गेले, तर तिथल्या दोघी-तिघींनी हाक मारली, "कुठं चाललीस गं? काय हरवलंय?" आणि मागून हसणं. मी तशीच परत फिरले. तुम्ही ओसरीवर बसून ऐकलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी उजाडताना तुम्ही काठी घेऊन दारात उभे. "चल," म्हणालात. "मळ्यापतुर जाऊन येऊ. मी पुढं चालतो, तू मागून ये. दम लागला तर खोक, मी सावकाश व्हतो."

तेव्हापासून रोज. तुम्ही पंधरा पावलं पुढं, मी डोक्यावर पदर घेऊन मागं. तुम्ही वळून बघत नव्हता. मी खोकले की तुमची काठी मंदावायची. वाटेत कुणी विचारलंच तर तुम्ही म्हणायचात, "सुनंला वावर दाखवायलोय. उद्या मी न्हाई ऱ्हायलो तर आपलं रान कुठं हाय ते तरी कळावं तिला." रोज तेच रान, रोज तेच उत्तर. महिन्याभरात विचारणारे थकले. ज्वारी पोटरीत होती तेव्हा सुरुवात केली आणि हुरड्यावर आली तेव्हा मी न खोकता मळ्यापर्यंत पोचायला लागले.

दर बाजारच्या दिवशी तुम्ही मला ताडकळसच्या दवाखान्यात काट्यावर उभं करायला न्यायचात. तिसऱ्या महिन्यात काटा हलेना. मी घाबरले आणि घरात न सांगता जेवण सोडलं. ताटात घ्यायची आणि भाकरी गाईला घालायची. चौथ्या दिवशी कॅनॉलच्या पुलावर डोळ्यांपुढं अंधारी आली नि मी खाली बसले. त्या दिवशी मात्र तुम्ही वळलात. एवढं चिडलेलं तुम्हाला मी कधी बघितलं नव्हतं. "डाक्टरीन काय म्हणली? जेवून कमी कर म्हणली का उपाशी मर म्हणली? जिवाशी खेळायलीस व्हय?" घरी आल्यावर आत्याबाईंना सांगितलंत, "आजपासून हिचं ताट माझ्याजवळ वाढ." सासऱ्याच्या पंगतीला सून बसली, हे आपल्या घरात पहिल्यांदा झालं. मी दीड भाकरी खाईपर्यंत तुम्ही उठायचा नाहीत. तुम्हाला साखर होती, पण तुम्ही कधी पथ्य पाळलं नव्हतं. तेव्हा म्हणालात, "तू गोड सोडलंस ना, मग मी पन च्यातली साखर सोडतो." आणि सोडलीत. काटाही पुन्हा हलायला लागला. चार किलो गेले, पाच गेले, सहा.

आता ते लिहिते. करडई काढणीला आली होती. आपण मळ्यातून आलो, तुम्ही हौदावर पाय धूत बसला होतात. मला हाक मारलीत. "जरा बघ बरं. पायात काटा गेला व्हता आठ दिवसांमागं. दुखत न्हाई, पन चपलीला ओल लागायली. मला माझा तळवा दिसत न्हाई."

मी खाली बसते. तुमचा पाय हातात घेते. अंगठ्याखाली रुपयाएवढं भोक आहे, कडा पांढऱ्या, आत काळं, आणि एक वास. मागच्याच बाजाराला दवाखान्यातल्या सिस्टरनं माझ्या देखत तुम्हाला बजावलंय, बाबा, साखर आहे, पायाला जपा, जखम दुखणार नाही पण लगेच दाखवायला या. मी तेव्हा काट्यावर उभी होते. सगळं ऐकलंय. आणि तुमचा पाय हातात धरून मी हिशेब करते की दोन किलो राहिलेत, नांदेडची तारीख तीन आठवड्यांवर आहे, आणि हे खाटेवर पडले तर मला घेऊन कोण चालणार.

"काही नाही मामा," मी म्हणाले. "काट्याचं भोक आहे. येईल भरून."

तुम्ही "बरं" म्हणालात. दुसऱ्या दिवशी काठी घेऊन दारात उभे.

मी हळद आणि तेल लावून चिंधी बांधून द्यायचे. तेवढ्यानं माझं मला समाधान. तारीख जवळ आली तेव्हा विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलं, मोर्चे, बंद, एसटी जागच्या जागी. डॉक्टरीणबाईंनी पुढची तारीख दिली आणि आपण आणखी दोन आठवडे चाललो. तुम्ही लंगडत होता. मी मागून बघत होते. त्या दिवसांत मी मुद्दाम खोकायचे, म्हणजे तुम्हाला सावकाश चालता येईल. थांबा मात्र म्हणाले नाही.

सत्तरवर काटा आला आणि मी नांदेडला गेले. तपासणी नीट झाली, गोळ्या सुरू झाल्या. चार दिवसांनी परत आले तर घराला कुलूप. शेजारच्या बाईनं सांगितलं, तुम्हाला तापात परभणीला नेलंय. मी पोचले तोवर पाय गुडघ्याखाली काढायचं ठरलं होतं. डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले, "महिना-दीड महिन्याची जखम आहे. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" आत्याबाई रडत होत्या. तुमचे चिरंजीव माझ्याकडे बघत होते, काही माहीत आहे का म्हणून. मी पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभी. तुमचे डोळे मिटलेले होते, तसेच तुम्ही बोललात, "मी कुनाला दाखवलंच न्हाई, डाक्टरसाहेब. मीच लपिवलं."

तुम्ही असं का म्हणालात, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. ग्लानीत विसरला होतात, की मला वाचवलंत? त्यानंतर पाच वर्षं तुम्ही खाटेवरून घर सांभाळलंत. मी तुमचं सगळं केलं. गाव म्हणायचं, सून असावी तर अशी. ते ऐकताना मला तुमच्याकडे बघवायचं नाही.

गोळ्या सुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात मला दिवस राहिले. वजनानं, गोळ्यांनी की कशानं, डॉक्टरीणबाईसुद्धा नक्की सांगू शकल्या नाहीत. मुलगी झाली. बारा दिवसांची असताना तुमच्या मांडीवर दिली, तर तुम्ही तिला म्हणालात, "लय चालून आलीस गं बाई." मी स्वयंपाकघरात निघून गेले. तुम्हाला वाटलं असेल, दूध उतू जात होतं.

ती आता मोठ्या शहरात असते, तिची दोन मुलं आहेत. आजोबांचा पाय साखरेनं गेला एवढंच तिला माहीत आहे. तुमच्या चिरंजिवांनाही तेवढंच. हा कागदही ते शाळेच्या पेन्शनच्या कामातून परत यायच्या आत मी चुलीत घालणार आहे.

मला शेवटी लिहायचं होतं की तो हौदावरचा दिवस पुन्हा मिळाला तर मी लगेच ओरडून सगळ्यांना गोळा करीन, तुम्हाला गाडीत घालून दवाखान्यात नेईन. दोनदा लिहिलं आणि खोडलं. मुलीचा चेहरा डोळ्यांसमोर येतो आणि हात चालत नाही. मामा, खरं सांगते, मी पुन्हा तेच म्हणेन अशी मला भीती वाटते.