खुर्चीमागची खोटी गोष्ट बंद करण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
ग्रहयान कॅमेरा संचालन केंद्र,
विद्यापीठ परिसर.

विषय : माझ्या दिवंगत पतीच्या खुर्चीचे प्रदर्शन व तिच्याविषयी सांगितली जाणारी खोटी गोष्ट तात्काळ बंद करणेबाबत.
संदर्भ : गेल्या रविवारी आम्ही केंद्रास दिलेली भेट.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करते की, यानावरील कॅमेऱ्याने ग्रहाच्या कोणत्या भागाचा फोटो घ्यायचा, हे ठरवण्याचे काम माझे पती आपल्या केंद्रात करीत. तीन वर्षांपूर्वी ते यकृताच्या आजाराने वारले. रविवारी मी, माझी नऊ वर्षांची मुलगी व नणंदबाई इतरांसोबत रांगेतून केंद्र पाहण्यास आलो. आम्ही कोण, हे कोणास सांगितले नव्हते.

२. नियंत्रण कक्षात पडद्यांसमोर माझ्या पतींची खुर्ची लाल फीत बांधून वेगळी ठेवलेली आढळली. तिच्या पाठीवर गळाबंद स्वेटर टांगला होता. माझ्या पतींना गळ्याशी काहीही सहन होत नसे. सबब तो स्वेटर कोणाचा, याची चौकशी व्हावी. लोक फीत ओलांडून खुर्चीत बसून फोटो काढीत होते. खुर्चीचे हात घामाने चिकट झाले होते.

३. आपले मार्गदर्शक म्हणाले, "पहिला फोटो येणार त्या दिवशी या खुर्चीतल्या माणसाला घरून फोन आला. मुलगी तापाने फणफणलीय, लगेच या! त्यांनी फोन ठेवून दिला. म्हणाले, मुलगी माझी एकट्याची, ग्रह सगळ्यांचा!" टाळ्या पडल्या. "माझा भाऊ देवमाणूसच होता," असे म्हणत नणंदबाईंनीही वाजवल्या. मुलीने माझा हात सोडला.

४. वस्तुस्थिती अशी की, मुलगी तेव्हा चार वर्षांची होती व तिला कांजिण्या आल्या होत्या. फोन येताच आपली पाळी एका सहकारी बाईंवर सोपवून हे घरी आले. त्या बाईंना आम्ही ताई म्हणतो. पहिला फोटो आला तेव्हा खुर्चीत ताई होत्या. यांनी तो दुसऱ्या दिवशी मुलीच्या उशाशी बसून मोबाइलवर पाहिला. सगळे खड्डेच खड्डे. तिला दाखवून म्हणाले, "बघ, याने खाजवलं. तू खाजवू नकोस."

५. हे मी मार्गदर्शकांना बाजूला घेऊन सांगितले. ते म्हणाले, "बाई, तुमचं खरं असेल. पण माणूस घरी गेला, यात सांगण्यासारखं काय आहे?" ताई तेथेच मागे उभ्या होत्या. त्या आपल्या चपलांकडे पाहत राहिल्या. मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणे हे आजवर नुसते ऐकले होते. आपल्या कक्षात ते खाताना पाहिले, तेही टाळ्यांच्या गजरात.

६. त्या दिवशी मुलगी जेवली नाही. "बाबांनी फोन का ठेवला?" एवढेच विचारीत राहिली. खरे सांगितले तर म्हणाली, "तू माझी समजूत काढतेयस." तिला कांजिण्यांच्या दिवसांतले काहीच आठवत नाही. म्हणून मी ताईंना फोन केला. त्या बुधवारी घरी आल्या व सर्व हकीकत त्यांनी तिला सांगितली. मुलीने ऐकून घेतले आणि विचारले, "मग तिथे का नाही बोललात?" ताई चहा न घेता गेल्या.

७. तरी विनंती की, फीत व स्वेटर काढून ती खुर्ची कोणा काम करणाऱ्यास बसावयास द्यावी, आणि गोष्ट बंद व्हावी. पुढील शुक्रवारी मुलीच्या शाळेचा वर्ग केंद्र पाहण्यास येत आहे. तिला घरी ठेवते म्हटले, तर ती नाही म्हणाली. गोष्ट सुरू झाली की ती हात वर करणार आहे. पुढे काय बोलणार, ते तिने मला सांगितलेले नाही.

आपल्या उत्तराची नव्हे, कारवाईची वाट पाहणारी,

(सही)
खुर्चीतल्या माणसाची पत्नी
दिनांक : ७ फेब्रुवारी

सोबत : काही नाही. साक्षीदार आपल्याच नियंत्रण कक्षात कामाला आहेत.