एकवीस वर्षांनी दिलेला गोल

शुक्रवार, चौदा तारीख
सकाळी सात

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनींनाही सांग. तुझ्या लेकीला मी दोनदाच पाहिलं, तेही लग्नांच्या गर्दीत. मावशी सांगत होती की ती हॉकीच्या मैदानाकडे फिरकतसुद्धा नाही, बुद्धिबळ खेळते. घरात एक तरी शहाणं निघालं.

मी ठीक आहे. इथे सोळा देशांचे संघ आणि आम्ही अठरा पंच. माझ्या खोलीत साडेसहा फुटांचा एक पंच आहे, त्याला सगळे उंट म्हणतात. हा बाबा मोज्यांनाही इस्त्री करतो आणि सामन्याच्या दिवशी आरशासमोर उभा राहून कार्ड काढायचा सराव करतो. मी हसलो की मलाच पिवळं दाखवतो. प्रत्येक सामन्याआधी मैदानावर पाणी मारतात, त्यामुळे बूट काही वाळत नाहीत. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, पण पळण्याच्या चाचणीत पास झालो. पंचेचाळिसाव्या वर्षी एवढं पुष्कळ झालं.

तुझा मेसेज बुधवारी संध्याकाळी आला. उत्तर द्यायला दोन दिवस का लागले, तेच लिहायला बसलोय आणि उंटाचे मोजे सांगत बसलोय.

तू लिहिलंस, "आज तुला टीव्हीवर पाहिलं. एवढ्या लोकांसमोर स्वतःचा निर्णय फिरवणारा माणूस खोटं बोलणार नाही. तेव्हा तुला खोटारडा म्हणालो, ते चुकलं माझं." मी ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला. जेवणाच्या टेबलावरही तो पालथाच होता. बायकोचे तीन फोन मी त्यामुळे चुकवले, त्याचं वेगळं ऐकून घेतलं.

त्या दिवशी झालं ते असं. उपांत्यपूर्व सामना, चार मिनिटं बाकी, पांढऱ्या जर्सीवाला संघ एका गोलने मागे. त्यांच्या मधल्या फळीतल्या एकाने गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, आपल्या डीच्या, बाहेरून फटका मारला आणि चेंडू सरळ जाळ्यात गेला. बाहेरून मारलेला चेंडू आत मारणाऱ्याच्याच संघातल्या कुणाच्या काठीला लागला नाही तर गोल नाही, हे तुला मी काय सांगणार. माझ्यासमोर बचाव करणाऱ्याची पाठ होती. मी गोल नाकारला. पांढऱ्यांनी दाद मागायची आपली संधी आधीच घालवलेली. ओरडत होते बिचारे, पण करता काहीच येत नव्हतं. मला मात्र राहवेना. मीच हातांनी टीव्हीची चौकट करून व्हिडिओ पंचाला विचारलं. आत त्यांच्याच एकाची काठी लागली होती, अगदी निसटती. गोल दिला. पुढे शूटआउटमध्ये पांढरे जिंकले, आणि दुसऱ्या संघाचा प्रशिक्षक माझ्याशी हात न मिळवताच गेला.

पण दादा, बुधवारी मला खरोखर दिसलं नव्हतं. न दिसलेली गोष्ट विचारायला कसली हिंमत लागते? तू ज्याला शाबासकी दिलीस, ते सोपं काम होतं.

एकवीस वर्षांपूर्वी तुझ्या क्लबच्या अंतिम सामन्याला नेमलेला पंच तापाने झोपला आणि आयत्या वेळी मला उभं केलं, आठवतं ना. मी चोवीस वर्षांचा. स्टँडमधून लोक म्हणत होते, "आता काय, घरचाच पंच!" निवड समितीचे तिघे पहिल्या रांगेत बसले होते. तू सत्तावीसचा, तुझी ती शेवटची संधी, हे मला माहीत नव्हतं असं नाही. आदल्या रात्री आईशी बोलताना तूच म्हणाला होतास.

शेवटच्या मिनिटाला लांबून चेंडू आला, तू डीच्या आत झेप घेतलीस आणि चेंडू जाळ्यात गेला. मी चार पावलांवर होतो. मध्ये कुणी नव्हतं.

मी पाहिलं होतं, दादा. तुझ्या काठीच्या टोकाला चेंडू लागला, टक असा आवाजही आला. गोल द्यायला हात उचलणार, तेवढ्यात मनात आलं की आता सगळे म्हणणार, भावाला दिला. हात दुसरीकडे गेला, गोल नाकारला. इतकंच. कुणी पैसे दिले नव्हते, मला तुझं वाईट करायचं नव्हतं. लोकांना भ्यालो.

घरी तू म्हणालास, "तुला दिसलं होतं." मी आईच्या डोक्यावर हात ठेवून नाही म्हणालो. आई तुलाच रागावली, धाकट्यावर आळ घेऊ नकोस म्हणाली. तू बॅग भरलीस. आई गेली तेव्हाही आपण दोघं खोलीच्या दोन टोकांना उभे होतो, आणि नातेवाईक तुलाच हट्टी म्हणत होते. मी गप्प राहिलो. त्यातलं मला सर्वांत जास्त हेच खातं.

तुझा मेसेज आला तेव्हा एक क्षण वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला. "जाऊ दे दादा, जुनं झालं" एवढं लिहिलं असतं तरी पुढच्या महिन्यात आपण एका टेबलावर जेवलो असतो. दोनदा तसं टाइपही केलं. पण मग तुझ्या घरी बसून मी तुझ्या हातचा चहा कोणत्या तोंडाने प्यायचा? हे वाचून तू पुन्हा बोलणं टाकशील, कदाचित कायमचं, हे मला कळतं. तरी लिहितोय.

खरं सांगू, लिहिताना वाटलं होतं त्यापेक्षा हलकं वाटतंय. बुधवारीही तसंच झालं. हजारो लोकांसमोर चुकलो म्हणालो आणि आभाळ कोसळलं नाही. निघताना पांढऱ्यांचा कप्तान एवढंच म्हणाला, "उशीर केलात, पण दिलात." मला वाटतं, आपल्यातही अजून वेळ आहे. तू अठ्ठेचाळीसचा आहेस, म्हातारा नाहीस.

हे पत्र इथून निघणाऱ्या एकाजवळ देतोय, उद्या दुपारपर्यंत तुझ्या हातात पडेल. अंतिम सामना रविवारी चार वाजता आहे. मी राखीव पंच आहे, म्हणजे खुर्चीत बसून घाम पुसणार. फाटकावर तुझ्या नावाने तीन पास ठेवलेत. आलास तर आधी मला चार शिव्या घाल, मग सामना बघू. नाही आलास तर मी सोमवारी तुझ्या दारात येईन. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

तू मागितलेली माफी परत पाठवतोय. ती ठेवून घ्यायचा मला हक्क नाही. तिच्या जागी माझी घे. तो गोल होता.

तुझा धाकटा,
ज्याला तू तेव्हाच बरोबर ओळखलं होतंस