प्रायश्चित्त होणार नाही, वहिनी

प्रिय वहिनी,

तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा तुम्हाला पत्र लिहितो आहे. रोज दुसऱ्यांच्या बातम्या लिहिणाऱ्या माणसाला घरच्या माणसाशी बोलायला इतका उशीर का व्हावा? पण काल आपल्या घरापुढच्या छपरीत जे घडलं ते तुमच्याबद्दल होतं. तेव्हा ते सगळ्यात आधी तुम्हाला कळायला हवं. शिवाय त्यात माझी एक चूक आहे, ती कबूल केल्याशिवाय मला कामाला बसता येणार नाही.

तुमच्या सुनंदाचं लग्न तुमसरला जमत आलं आहे. मुलाचे वडील राइस मिलमध्ये मुनीम आहेत. मुलगा चांगला आहे. पण त्यांनी निरोप पाठवला, "मुलीच्या आईच्या हातून गाय दाव्याला मेली होती म्हणे. त्याचं प्रायश्चित्त झालं नाही. ते आधी उरका, मग पुढचं बोलू."

आपली चांदी गाय आठवते ना? आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या साली तिला पिसाळलेलं कुत्रं चावलं. महिनाभरानं तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली, मागचे पाय लटपटायला लागले, समोर येईल त्याच्यावर ती धावून जायला लागली. साकोलीहून गुरांचे डॉक्टर आले. ते म्हणाले, आता औषध नाही, हिला कोणाच्या जवळ जाऊ देऊ नका. दादा शेतावर होते. तुम्हीच तिला मागच्या खुंट्याला दुहेरी दाव्यानं बांधलंत आणि दोन दिवस अंगणात कोणाचं पोर फिरकू दिलं नाही. तिसऱ्या दिवशी ती गेली. गळ्यात दावं असताना गेली.

झालं, गावाला तेवढंच दिसलं. आपल्याकडे दाव्याला गाय मेली की ती हत्याच. धन्यानं तेच दावं गळ्यात घालायचं, तोंडानं एक शब्द न बोलता दारोदार हंबरत भिक्षा मागायची, मग नदीवर आंघोळ आणि जातीला जेवण. दादा तर निघालेही होते. ते दावं शोधत गोठ्यात आले, तर तुम्ही ते आधीच चुलीत घातलेलं!

"मी नसती बांधली तं कोनाचं लेकरू गेलं असतं," तुम्ही मला म्हणाला होतात. "अन् आता तुमच्या दादानं घरोघरी हंबरत फिराचं? कायले? पाप असन तं मले लागू द्या, भाऊजी. मी पाहून घेतो त्याले."

आणि तीन वर्षांनी तुम्ही आजारी पडलात.

धान रोवण्याच्या रांगेत सगळ्यांच्या पुढे असणाऱ्या तुम्ही वाकड्या सरकायला लागलात. मग नावं विसरू लागलात. भांडं पडलं तरी सगळं अंग दचकायचं. पाय लटपटू लागले तशी बायांत कुजबुज सुरू झाली, "पाह्य ना, चांदीवानीच चालून राहिली." नागपूरला मी तुम्हाला ज्या डॉक्टरांकडे नेलं त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "दोन जर्मन डॉक्टरांच्या जोडनावाचा एक आजार आहे, तो असावा. मेंदू उघडून पाहिल्याशिवाय खात्री देता येत नाही. पण तुमच्या त्या गाईचा याच्याशी काही संबंध नाही. तिला पिसाळ होता. हा आजार दहा लाखांत एखाद्याला होतो. का होतो, ते मलाही माहीत नाही."

मी ते घरी येऊन सांगितलं. कोणी ऐकलं नाही. आणि खरं सांगू? शेवटच्या दिवसांत तुमची वाचा गेली, घशातून नुसता एक लांब आवाज यायचा. एके दुपारी तो ऐकून मी उठून अंगणात गेलो. मला डॉक्टरांचं सगळं पाठ होतं, तरी माझ्या मनात चांदीच आली. मी तुमच्यापाशी बसायला हवं होतं. ते मी केलं नाही.

आता माझी चूक सांगतो. मध्यंतरी टेलिप्रिंटरवर इंग्लंडची बातमी आली. तिथल्या गाई लटपटून पडतात, त्यांच्या मेंदूला स्पंजासारखी भोकं पडलेली सापडतात, मेलेल्या जनावरांचं हाड-मांस दळून त्यांना खाऊ घातलं जातं त्यातून हे पसरलं असावं. माणसातही असाच एक आजार आहे, तेव्हा गाईचा रोग माणसाच्या मेंदूत जाईल का, अशी लोकांना धास्ती आहे. तो माणसातला आजार म्हणजे तुमचाच, वहिनी. मी ती बातमी मनापासून केली. शेवटचा परिच्छेद असा होता: माणसातला हा आजार फार आधीपासून माहीत आहे, तो गाय नसलेल्या घरांतही होतो, आणि गाईमुळे तो झाल्याचा पुरावा अजून मिळालेला नाही.

पान लावताना जाहिरात आली. जागा कमी पडली. आम्ही बातमी नेहमी खालून कापतो. मीही खालून कापली.

काल छपरीत जातीची मंडळी जमली होती; त्यांतल्या वडीलधाऱ्या गोविंदाकाकांनी खिशातून तेच कात्रण काढलं.

"वसंता, हे तुयाच पेपरातलं ना? गाईचा रोग मानसाच्या डोक्यात जाते म्हणते. आमी आठ वर्सं हेच सांगून राहिलो."

"काका, ती बातमी पुरी नाही. खालचा भाग मी कापला."

"खरं होतं तं कापाचं काहून?"

"जागा नव्हती."

"वा रे वा! इंग्लंडच्या गाईले जागा हाय, अन् खऱ्याले नाई."

सगळे हसले. हसणं बरोबरच होतं. तरी मी बोललो. म्हटलं, तिकडच्या गाईंना हाडाचा भुगा चारला, आपली चांदी तणस आणि कोंडा खात होती. तिचा रोग वेगळा, वहिनींचा वेगळा आणि इंग्लंडचा आणखी वेगळा. तुम्ही तिन्ही एकाच खुंट्याला बांधता आहात.

"ते रोगाचं तू पाह्य," काका म्हणाले. "पापाचं आमी पाह्यतो." आणि त्यांनी पिशवीतून कोरं दावं काढून दादांपुढे ठेवलं. "जुनं जाळलं तिनं. नवं चालते."

दादांनी ते उचललं. तेवढ्यात सुनंदा चहा घेऊन बाहेर आली. तुमचीच पोर ती. काकांपुढे कप ठेवत म्हणाली, "आबाजी, तवा मी आठ वर्साची होती. मायनं चांदीले बांधली नसती, अन् तिनं मले पाडली असती, तं आज कोनाचं लगन जमवाले आले असते तुमी?"

दादांनी दाव्याची नीट गुंडाळी केली आणि काकांच्या हातात दिली.

"घेऊन जा, काका. तुमच्या गोठ्यात कामी येईन. मी फिरत नाई. तवाही तिनं फिरू देल्लं नाई, आता तं नाईच नाई."

काका चहा न पिता उठले. तुमसरला दादांनी कालच नकार कळवला आहे. लग्नाला नव्हे, प्रायश्चित्ताला. त्यांचं उत्तर काय येईल ते मला माहीत नाही. सोयरीक मोडली तर सुनंदा रडेल, ते मला दिसतं आहे. पण आईला पापीण म्हणवून घेऊन ती त्या घरात जाणार नाही, हे तिनं मला काल बसस्टँडवर सोडायला येताना दोनदा सांगितलं.

कापलेला परिच्छेद मी या आठवड्यात छापतो आहे, एकटा नाही, तुमच्या आजाराच्या पूर्ण हकिकतीसह. संपादकांना सांगून ठेवलंय, हा मजकूर खालून कापायचा नाही.

आणि एक वचन. सुनंदाचं लग्न तुमसरला होवो की आणखी कुठे, पत्रिका माझ्या नजरेखाली छापली जाईल. मुलीच्या आईचं नाव गाळा, लहान करा, असं कोणीही म्हणो. तिथं तुमचं नाव असेल, वहिनी, पूर्ण आणि ठळक. प्रूफ मी स्वतः वाचणार आहे.

तुमचा भाऊजी,
वसंता